हत्तीचा पाऊस आणि धाब्याचे घर

दिवाळीच्या आधी घरोघर झाडलोट, सारवण, रंगसफेदी सुरू होते. ती कशासाठी म्हणून विचारावे, तर कोणीही सांगेल की लक्ष्मी यावयाची म्हणून. उत्तर खोटे नाही. परंतु खानदेशात ज्या पिढ्या मातीच्या धाब्याखाली वाढल्या, त्यांच्या घरी या कामाला आणखी एक कारण असे, आणि ते लक्ष्मीपेक्षा पावसाला अधिक जवळचे होते. चार महिने पावसाने घर खाल्लेले असे. भिंतींचे तळ ओलीने फुगलेले, कोपऱ्यांतून पोपडे सुटलेले, माथ्यावर गुडघाभर गवत माजलेले. दिवाळीचे सारवण ही खरोखर त्या जखमांवरची मलमपट्टी होती. आणि पाऊस गेला असे समजून बायाबापड्यांनी शेणाची पाटी पुढे ओढावी, तोच चित्रा-स्वातीच्या एखाद्या वादळाने सगळे सारवण अंगणात धुऊन न्यावे, असाही अनुभव पुष्कळांच्या गाठी असेल.

मृगाच्या पावसाचे कौतुक आपल्या साहित्यात भरपूर झाले. आषाढाच्या ढगांना तर थेट कालिदास भेटला. भाद्रपद-आश्विनातल्या परतीच्या पावसाला मात्र फारसा कोणी वाली नाही. घराच्या दृष्टीने पाहिले तर खरा जोखमीचा पाऊस हाच. मृगाचा पाऊस कोरड्या, तापलेल्या, नुकत्याच डागडुजी केलेल्या घरावर पडतो. उत्तरा, हस्त, चित्रा यांचा पाऊस पडतो तो तीन महिने भिजून पोटापर्यंत ओल मुरलेल्या घरावर. सप्टेंबरच्या अखेरीस सूर्य हस्त नक्षत्रात शिरतो. या नक्षत्राच्या पावसाला आपल्याकडे ‘हत्तीचा पाऊस’ म्हणतात, आणि सोंडेने ओतल्यासारखी त्याची धार ज्याने अंगणात उभे राहून पाहिली, त्याला या नावात शब्दसाधर्म्यापलीकडचेही काही दिसेल. देशावर याच दिवसांत पाटावर हत्ती काढून मुली भोंडल्याचा फेर धरतात. आमच्या खानदेशात भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत गुलाबाई बसते. कुंभाराकडून आणलेली मातीची गुलाबाई आणि तिचा गुलोजी भिंतीच्या कोनाड्यात बसतात, संध्याकाळी मुली टिपऱ्या घेऊन जमतात, आणि तेवढ्यात पूर्वेकडून आभाळ दाटून येते.

पूर्वेकडून हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. जून ते ऑगस्टचा वारा नैर्ऋत्येचा आणि पश्चिमेचा. म्हणून घर बांधणारा पश्चिमेची भिंत जाड घेतो, तिला खिडकी ठेवीत नाही आणि पावसाळ्यापूर्वी त्या बाजूला तट्टे किंवा तुराट्यांचा कूड उभा करतो. घराचे तोंड शक्यतो पूर्वेला. परंतु सप्टेंबरनंतर वारा फिरतो. बंगालच्या उपसागरात उठलेली वादळे मध्य प्रदेश-विदर्भ ओलांडून पश्चिमेकडे सरकत येतात, आणि झड येऊन आदळते ती नेमकी उघड्या दारावर, ओसरीवर, ओसरीत रचलेल्या धान्याच्या पोत्यांवर. आठ महिने जी बाजू घराचे हसरे तोंड असते, तीच या दिवसांत त्याचे मर्मस्थान ठरते. म्हणून पोळा झाला की जाणती माणसे पश्चिमेचे तट्टे सोडून पूर्वेला बांधीत.

या वादळांचे आणि आमच्या तापीचे वैरही जुनेच. भारतातल्या मोठ्या नद्या बहुतेक पूर्वेला जातात. तापी आणि नर्मदा मात्र पश्चिमवाहिनी. मुलताईला उगम पावून ७२४ किलोमीटर वाहत तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते. वादळ ज्या दिशेला सरकते, त्याच दिशेला नदी वाहते. म्हणजे वरचा लोंढा खाली येऊन पोहोचतो तेव्हा खालच्या प्रदेशावरही नुकताच पाऊस कोसळू लागलेला असतो. त्यात वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा या दक्षिणेकडून येणाऱ्या नद्या आपापले पाणी आणून ओततात. वर्षाचा एकूण पाऊस पाहावा तर खानदेश काही कोकण नव्हे. धुळ्याकडे तर पावसाची ओढच अधिक. दुष्काळी मुलखाला महापुराची धास्ती, हे ऐकणाऱ्याला खरे वाटत नाही. पण वर्षाचा निम्माशिम्मा पाऊस तीन दिवसांत पडला तर त्याला काय करावयाचे?

१८२२ साली तापीला असा पूर आला. पेशवाई बुडून चारच वर्षे झाली होती. कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा इंग्रज अधिकारी धुळ्यास राहून उजाड झालेला मुलूख पुन्हा वसविण्याच्या खटपटीत होता. त्या पुरात ६५ गावे समूळ नाहीशी झाली, ५० गावे अर्धीमुर्धी वाहून गेली आणि नुकसान झाले अडीच लाख रुपयांचे. त्या काळचे अडीच लाख! परंतु हा आकडा वाचताना माझ्या मनात दुसराच विचार येतो. घराची किंमत सरकारी दप्तरात काय धरली असेल? माती नदीकाठची, लाकूड जंगलातले, मजुरी घरच्याच हातांची. ज्या वस्तूला बाजारात किंमत नाही, ती वाहून गेली तर नुकसानीत कशी मोजणार?

यानंतर पन्नास वर्षांनी, सप्टेंबर १८७२ मध्ये, गिरणा आणि पांझरा एकदमच खवळल्या. उत्तरा नक्षत्राचे दिवस. धुळे शहर तोपर्यंत बरेच वाढले होते. १८१९ साली ४०१ घरांचे आणि अडीच हजार वस्तीचे असलेले हे गाव १८७२ मध्ये बारा हजारांच्या पुढे गेले होते. ब्रिग्जने आखलेल्या सरळ रस्त्यांची नवी पेठ एका बाजूला आणि दाटीवाटीचे जुने धुळे दुसऱ्या बाजूला. पांझरेने त्या एका पुरात धुळ्यातली ५०० हून अधिक घरे नेली. नदीपलीकडचे एक अख्खे गाव पाहता पाहता दिसेनासे झाले. सगळ्या जिल्ह्यात १५२ गावांना झळ लागली, सोळा लाखांची मालमत्ता गेली, हजारावर माणसांना मदतीचे अन्न द्यावे लागले. पुढे १८७५ आणि १८७६ सालीही पूर आले, आणि त्याच १८७६ साली दक्षिणेत मोठा दुष्काळ सुरू झाला. पाणी जास्त झाले म्हणून रडलेले डोळे पुसावेत, तो पाणी नाही म्हणून पुन्हा भरून यावेत, अशी ही दहा वर्षे होती.

पाचशे घरे गेली, ती कशी गेली असतील? याचे उत्तर धाब्याच्या बांधणीतच आहे.

धाबे म्हणजे मातीचे सपाट छत. देशावर आणि मराठवाड्यात यालाच माळवद म्हणतात. खाली लाकडाचे खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर हातभर अंतराने कड्या. कड्यांवर आडव्या फोडलेल्या काटक्या दाट अंथरावयाच्या, त्यांवर निंबाचा किंवा पळसाचा पाला, पाल्यावर चिखलाचा थर, आणि सगळ्यांवर वीतभर किंवा अधिक जाडीची पांढरी माती. तिला पाणी मारून लाकडी चोपणीने चोपून चोपून घट्ट करीत, आणि पाणी वाहून जावे म्हणून एका बाजूला किंचित उतार देऊन भिंतीबाहेर पन्हळ काढीत. उजेडासाठी छताला एखादे भोक. पाऊस आला की त्यावर पाटी पालथी घालावयाची. उन्हाळ्यात बाहेर अंगाची लाही होत असता आत शिरावे तर तळघरात आल्यासारखे थंड वाटे. रात्री निजण्यासाठी हेच धाबे, कुरडया-पापड वाळविण्यासाठी हेच, आणि उडीद-मूग पसरण्यासाठीही हेच. जळगावचा मे महिना ज्याने काढला आहे, तो धाब्याला नावे ठेवणार नाही.

या पांढऱ्या मातीची कथा मला सगळ्यांत नवलाची वाटते. आपल्याकडे जमिनीचे दोन भाग मानतात: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे गावठाण. कपाशीची काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते. तिचे धाबे घातले तर पहिल्या उघडिपीतच त्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडतील. म्हणून धाब्याला माती आणावयाची ती जुन्या, पडक्या गावठाणाची. तिच्यात राख असते, चुना असतो, खार असतो. ती फुगत नाही, चिरत नाही, आणि खारामुळे तिच्यावर गवतही बेताने उगवते. म्हणून तिला खारी मातीही म्हणत. मृगापूर्वी गाढवांच्या पाठीवरून किंवा डोक्यावरच्या पाट्यांतून ही माती घरोघर यावयाची.

पण ही पांढरी झाली कशी? माणसे राहिली म्हणून. पडलेल्या भिंती, चुलीची राख, गुरांचे शेण, फुटलेली मडकी यांचे शेकडो वर्षांचे थर म्हणजे पांढरी. तापीकाठच्या प्रकाशे येथील टेकाडाचे उत्खनन बी. के. थापर यांनी १९५५ मध्ये केले. चाळीसगाव तालुक्यात गिरणेकाठी बहाळ येथे म. न. देशपांडे यांनी त्याच सुमारास खोदले. दोन्ही ठिकाणी ताम्रपाषाणयुगापासूनच्या वस्तीचे थर एकावर एक सापडले. साक्री तालुक्यातल्या कावठे येथे डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी पुढे जे उत्खनन केले, त्यात चार हजार वर्षांपूर्वीच्या झोपड्यांच्या खुणा मिळाल्या. एक घर पडले, त्याच्या मातीवर दुसरे उभे राहिले, तेही पडले. टेकाड असे वाढत गेले, आणि टेकाड वाढले म्हणून पुढच्या पिढीचे घर पुराच्या पाण्यापासून हातभर उंच झाले. पडलेल्या घरांनीच पुढल्या घरांना जोते पुरविले.

आमच्या धाब्याच्या पन्हळीखाली मोठ्या पावसानंतर नेहमी काही ना काही सापडत असे. काळ्या रेघांची तांबडी खापरे, शंखाच्या बांगडीचा तुकडा, एखादा दगडी मणी. आम्ही मुले ते गोळा करून सागरगोट्यांच्या डब्यात ठेवीत असू. तो कोणाच्या तरी हातातल्या बांगडीचा तुकडा होता, आणि ते हात पावसात धाबे लिंपणाऱ्या आमच्या आजीसारखेच कुठल्या तरी बाईचे असतील, हे कळावयास मला पुढे पुष्कळ पुस्तके वाचावी लागली. अर्थात पुराणवस्तू संशोधकाला हे ऐकून घाम फुटेल. खानदेशातली कितीतरी टेकाडे अशीच पाटी-पाटीने लोकांच्या छतावर चढली, आणि त्यांतला इतिहास पन्हळीतून वाहून गेला. पण लोकांनी तरी काय करावे? डोक्यावरचे छत गळू न देणे हे इतिहास राखण्यापेक्षा तातडीचे काम होते.

घराची तयारी मृगापूर्वी एकदा होई, हे सर्वांना ठाऊक असते. दुसरी तयारी होई ती श्रावण सरून भाद्रपदाची उघडीप मिळे तेव्हा, आणि तिची आठवण आता फार थोड्यांना असेल. आधी धाब्यावर चढून गवत उपटावयाचे, तेही बेताने, कारण मुळाबरोबर ढेकूळ निघून आले तर तेथे भगदाड पडे. उंदरांची आणि घुशींची बिळे शोधून त्यांत खापऱ्या आणि माती ठासावयाची. जेथे पाणी साचून शेवाळ धरले असेल, तेथे नवी माती टाकून चोपावयाचे. पन्हळीतला गाळ काढावयाचा. पन्हळ तुंबली म्हणजे धाब्याचे तळे होते आणि एका रात्रीत त्याचे वजन कितीतरी खंड्यांनी वाढते. मग भिंतीचा पायथा. गल्लीतले पाणी भिंतीला लागू नये म्हणून चर काढून देत आणि पायथ्याला दगडगोटे व मुरूम दाबीत. भेंडे म्हणजे कच्च्या विटा. वरून भिजल्या तर तग धरतात, खालून भिजल्या की संपले. गोवऱ्यांचा हुडवा पाचटाने शाकारून घेत. सरपण ओसरीतून आत घेत. बाजरी तोपर्यंत घरात आलेली असे. ती जमिनीतल्या पेवात न टाकता शेणाने लिंपलेल्या कणगीत भरीत, आणि कणगी दगडांवर उचलून ठेवीत. पेव हा दुष्काळातला मित्र आणि ओल्या सालातला दगाबाज. पेवात पाणी शिरले म्हणजे वर्षाचे धान्य आंबून जाई आणि झाकण उघडणाऱ्याला आतल्या दूषित हवेने घेरी येई.

आणि कागद. घरात जमिनीची, वतनाची, देण्याघेण्याची जी काही कागदपत्रे असतील, ती रुमालात बांधून खुंटीला टांगलेली असत. भाद्रपदात तो रुमाल सोडून कागदांना ऊन दाखवीत. ज्यांनी दाखविले नाही, त्यांचे कागद गेले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव दप्तरे धुंडीत हिंडले, तेव्हा त्यांच्या आधी पुष्कळ घरी ओल, वाळवी आणि उंदीर हे तीन संशोधक येऊन गेलेले होते. राजवाड्यांचे अखेरचे दिवस धुळ्यातच गेले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते वारले आणि लगेच जानेवारी १९२७ मध्ये त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात निघाले. तेथील दप्तरांसमोर बसले म्हणजे माझ्या मनात नेहमी येते की, आपला इतिहास म्हणजे ज्यांचे धाबे गळले नाही, त्यांचा इतिहास.

पुराची धास्ती आपल्या शास्त्यांना पूर्वीपासून होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राष्ट्रावरील संकटांच्या प्रकरणात पुराचा विचार आहे. नदीकाठच्या लोकांनी पावसाळ्यात काठ सोडून दूर राहावे, लाकडे, वेळू आणि नावा जवळ बाळगाव्यात, असे तो सांगतो. एवढ्यावर तो थांबत नाही. कोणी वाहून जात असेल तर भोपळे, कातडी पखाली, ओंडके जे हाती लागेल त्याने त्याला वाचवावे, आणि जो धावून जाणार नाही त्याला बारा पण दंड करावा. ज्याच्याजवळ तरण्याचे साधन नाही त्याला मात्र सूट. चाणक्याची कठोर म्हणून ख्याती आहे, पण हा नियम मला त्याच्या साऱ्या ग्रंथात सर्वांत माणुसकीचा वाटतो.

बौद्ध भिक्षूंनी हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला होता. पावसाचे तीन महिने एका जागी राहावयाचे आणि आश्विनी पौर्णिमेला वर्षावास संपवून बाहेर पडावयाचे. खानदेशच्या दक्षिण सीमेवर अजिंठ्याची लेणी आहेत. तेथील वाघूर नदी पुढे आमच्याच तापीला मिळते. अखंड दगडात कोरलेल्या त्या विहारांना ना चोपणी लागत होती, ना शाकारणी. गळक्या झोपड्यांत राहणाऱ्या आसपासच्या शेतकऱ्यांनी भिक्षेची झोळी भरताना त्या छताकडे कोणत्या नजरेने पाहिले असेल, याची कल्पना करण्यास काही हरकत नाही.

सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा मंडळींचे घर तर याहून वेगळे. बांबूचा कूड, सागाच्या पानांचे किंवा गवताचे छप्पर, आणि घरे एकमेकांपासून दूर दूर टेकडीच्या उतारावर. वादळाने छप्पर उडाले तर चार दिवसांत दुसरे होते, आणि अंगावर पडले तरी माणूस सहसा मरत नाही. धाब्याचे तसे नाही. धाबे हे सुखवस्तूपणाचे लक्षण, आणि त्याचे मोलही तसेच जबर. एका खोलीच्या छतावर शेकडो मण माती डोक्यावर घेऊन माणसे निजत असतात. पुरात माणूस जीव वाचवावयास धाब्यावर चढतो, आणि खाली कच्च्या विटांची भिंत पाण्यात साखरेसारखी विरघळत असते. १८७२ च्या पांझरेच्या पुरात ज्या घरांचे आकडे आपण वाचले, त्यांच्या नाशाची तऱ्हा यापेक्षा निराळी असणे कठीण.

मग लोखंडी पत्रा आला. नागमोडी पत्र्याची युक्ती १८२९ साली लंडनच्या गोदीत हेन्री पामर या अभियंत्याने काढली. खानदेशात तो रेल्वेबरोबर शिरला. १८६० नंतरच्या दशकात मुंबईहून भुसावळपर्यंत लोहमार्ग झाला, अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला आणि जळगावच्या पेठेत पैसा खेळू लागला. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये यंत्रावर कौले पाडावयास सुरुवात केली, तीही पुढे इकडे आली. पत्र्याला माती चोपावी लागत नाही, गवत उपटावे लागत नाही. पण धाब्याला वाऱ्याची भीती नव्हती, पत्र्याला ती आहे. म्हणून पत्र्यावर दगड ठेवण्याची रीत पडली. वादळ मोठे असले म्हणजे पत्राही जातो आणि दगडही, आणि ते दोन्ही कोणाच्या दारात जाऊन पडतील याचा भरवसा नसतो. धाब्याने आपल्याच घरच्यांना चेपले. पत्र्याने शेजाऱ्यांनाही भ्यावयास लावले!

हे सर्व मागे पडले असे म्हणण्याची सोय नाही. सप्टेंबर १९५९ आणि ऑगस्ट १९६८ मधल्या तापीच्या पुरांनी सुरतेत हाहाकार केला. नंतर नद्यांवर धरणे झाली. गिरणा, हतनूर, अक्कलपाडा. तरी ३१ ऑगस्ट २०२१ रोजी चाळीसगावात तितूर आणि डोंगरी या दोन लहान नद्यांनी एका रात्रीत बाजारपेठेत पाणी भरले, गुरे वाहून नेली, आणि कन्नडच्या घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला. त्या नद्यांची नावे जिल्ह्याबाहेर कोणी तोपर्यंत ऐकली नसतील.

या पावसाविषयी खानदेशी शेतकऱ्याचे मन दुभंगलेले असते, हे शहरातल्या माणसाला चटकन समजत नाही. हत्तीचा पाऊस नाही पडला तर रब्बीची पेरणी नाही. दादर नाही, हरभरा नाही, गहू नाही. पडला तर कपाशीचे फुटलेले बोंड काळे पडते आणि घराची भिंत बसते. शेताने ज्याची वाट पाहावयाची, घराने त्यालाच भ्यावयाचे. माझे आजोबा संध्याकाळी ओसरीत उभे राहून पूर्वेला बघत, आणि ‘येऊ दे’ म्हणत की ‘नको’ म्हणत, हे आम्हाला कधीच कळले नाही. आजीचे मत मात्र स्पष्ट असे. तिचे सगळे लक्ष छताकडे.

बोरीकाठच्या आमच्या गावी, माझ्या लहानपणी, चित्रा नक्षत्रात असाच तीन दिवस पाऊस लागला. घटस्थापनेचे सारवण झाले होते, दसरा नुकताच आटोपला होता, घरात कपाशीची पहिली वेचणी येऊन पडली होती. तिसऱ्या रात्री मधल्या घरात आम्ही नऊ माणसे निजलो होतो. आजी जागीच होती. धाबे पडण्याच्या आधी तीन गोष्टी सांगते, असे ती म्हणे. पहिली, दार चौकटीत अडकू लागते. दुसरी, कड्यांच्या फटींतून माती झरते. पाणी गळणे वेगळे, ती ओली माती नव्हे, कोरडी बारीक धूळ. तिसरी, तुळई बोलते. त्या रात्री दार संध्याकाळपासूनच नीट लागत नव्हते. आजोबांनी पावसाने लाकूड फुगले म्हणून सोडून दिले होते. मध्यरात्रीनंतर केव्हातरी आजीच्या गालावर धूळ पडली. तिने हाताने चाचपून पाहिली, बोटांत चोळली आणि कोरडी आहे असे कळताच ओरडली, “उठा रे, धाबं बसी ऱ्हायनं!”

आजोबा म्हणाले, आधी कापूस काढू. वर्षाचे उत्पन्न होते ते, आणि सावकाराचे कागदही त्याच खोलीत टांगलेले होते. आजीने त्यांना उत्तर दिले नाही. तिने धाकट्याला काखेला मारले, मला दंडाला धरून ओढले आणि दार लाथेने उघडून भर पावसात समोरच्या काकूंच्या ओसरीत नेऊन उभे केले. मग परत गेली आणि आजोबांना घेऊन आली. त्यांनी कागदांचा रुमाल तेवढा उचलला होता. आम्ही ओसरीत कुडकुडत बसलो. बराच वेळ काहीच झाले नाही; इतका वेळ, की आजोबांनी एकदा उगाच उठविलेस अशा अर्थाने आजीकडे पाहिले. उजाडताना तुळई मोडल्याचा एकच आवाज आला. मोठा नव्हे, वाळलेली फांदी मोडावी तसा. मागोमाग सगळे धाबे आत बसले आणि दारातून धुळीचा लोट पावसात बाहेर आला.

कापूस त्या मातीखाली गेला. ती दिवाळी आम्ही काकूंच्या घरी केली. त्यांनी आमच्यासाठी आपली एक खोली रिकामी करून दिली होती आणि कोजागिरीला त्यांच्याच कोनाड्यातल्या गुलाबाईसमोर आमच्या मुलींनी फेर धरला होता. उघडीप मिळाली तसा गावातला एक जण गाढवे घेऊन ढिगारा उचलावयास आला. उकिरड्यावर टाकतो, म्हणाला. आजी फावडे आडवे धरून उभी राहिली. “हाई आपला घरनी माती शे,” ती म्हणाली. तिने आम्हा मुलांना बसवून ढिगाऱ्यातून काटक्या आणि पाला वेचून वेगळा करावयास लावला, माती उन्हात वाळवून चाळून घेतली आणि अंगणाच्या कोपऱ्यात रचून तिच्यावर तट्ट्या झाकल्या. पुढल्या मृगापूर्वी नवे धाबे घातले ते त्याच मातीचे. ती चोपताना मला पुन्हा एक शंखाच्या बांगडीचा तुकडा सापडला होता. तो मी डब्यात न ठेवता परत मातीत दाबून टाकला.